पडद्याची कुठली बाजू वर?

घरच्या आरओमधलं मेम्ब्रेन, म्हणजे मीठ अडवणारा पडदा, कसा सापडला माहितेय? संशोधनाला लागण्याआधी ही गोष्ट वाचाच.

1950च्या दशकाच्या अखेरीस फ्लोरिडा विद्यापीठात रीड आणि ब्रेटन यांनी दाखवलं, की सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा पडदा खाऱ्या पाण्यातलं मीठ अडवतो. पण दाब देऊनही पाणी इतकं कमी झिरपायचं, की व्यवहारात उपयोग नाही.

त्याच सुमारास लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि मूळचे भारतीय श्रीनिवास सौरिराजन यांनी बाजारात मिळणारा तयार पडदा पाण्यात गरम करून वापरला. निकाल कधी चांगला, कधी वाईट. पडदा तोच, मग फरक कशाने? शेवटी कळलं: ठरावीक बाजू खाऱ्या पाण्याकडे असली तरच मीठ अडतं. म्हणजे दोन्ही बाजू सारख्या नव्हत्याच!

पुढे त्यांनी स्वतःच असा पडदा तयार केला. दुधावरच्या सायीसारखा वर पातळ, घट्ट थर. खाली सच्छिद्र आधार. मीठ साय अडवते, आणि ती पातळ असल्याने पाणी भरपूर मिळतं. 1965मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोलिंगा गावाला या पद्धतीने पाणी मिळू लागलं. आज डेअरीत व्हे घट्ट करणाऱ्या आणि डायलिसिसच्या अनेक पडद्यांतही अशीच असमान रचना असते.

म्हणून तुमचा प्रयोग ‘कधी जमतो, कधी नाही’ असा वागला, तर वाईट आकडे खोडू नका. नमुना कसा बसवला होता, तेही वहीत लिहा. उत्तर तिथेच असू शकतं.