फायटिंग गेममधील डावपेचांची घडण : खेळाडू-समुदायाच्या सहकर्तृत्वाचा इतिहास

प्रस्तावना

खेळाचे नियम कोणीतरी ठरवून देतो आणि डावपेच मात्र खेळणारे घडवितात, ही गोष्ट बुद्धिबळापासून कुस्तीपर्यंत सर्वत्र दिसून येते. व्हिडिओ गेमच्या बाबतीत हा भेद अधिक गुंतागुंतीचा होतो. येथील नियम छापील पुस्तिकेत नसून संगणकीय आज्ञावलीत असतात. ती आज्ञावली एखाद्या कंपनीच्या मालकीची असते आणि तिच्यात काय काय दडलेले आहे याची पूर्ण कल्पना ती लिहिणाऱ्यांनाही नसते. दोन खेळाडू पडद्यावरील दोन योद्ध्यांकरवी समोरासमोर झुंजतात त्या ‘फायटिंग गेम’ या प्रकाराचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. हा इतिहास बहुधा कंपन्यांचा आणि रचनाकारांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत लेखात तो खेळाडूंच्या बाजूने पाहिला आहे. ज्यांनी या खेळाचे ज्ञान निर्माण केले, त्यांचा त्या खेळावर हक्क कोणता, हा त्यातून उद्भवणारा प्रश्न आहे.

एक ‘चूक’ आणि तिची परंपरा

जपानमधील कॅपकॉम कंपनीने १९८७ मध्ये ‘स्ट्रीट फायटर’ हा खेळ आणला. परंतु या प्रकाराला खरी प्रतिष्ठा मिळाली ती १९९१ मधील ‘स्ट्रीट फायटर २’ मुळे. अकिरा निशितानी व अकिरा यासुदा हे त्याचे प्रमुख रचनाकार होते. या खेळात मोटारगाडी फोडण्याचा एक जादा गुणांचा टप्पा आहे. त्याची तपासणी करीत असताना निर्मितीशी संबंधित असलेल्या नोरिताका फुनामिझु यांच्या लक्षात आले की, नेमक्या क्षणी कळ दाबल्यास एका ठोशाला जोडूनच दुसरा ठोसा बसतो. ही बाब योजनेत नव्हती. ती साधणे फार अवघड असल्याने तिचा फारसा उपयोग होणार नाही, असे वाटून ती तशीच राहू देण्यात आली.

खेळाडूंनी मात्र ती हेरली. आघात बसलेला योद्धा क्षणभर डळमळतो आणि त्या अवधीत त्याला बचाव करता येत नाही. शिवाय स्वतःचा ठोसा मागे येण्यापूर्वीच त्याला छेद देऊन विशेष डाव टाकता येतो. या दोन गोष्टी एकत्र येताच सलग आघातांची साखळी, म्हणजेच ‘कॉम्बो’, तयार झाली. १९९३ मधील ‘सुपर स्ट्रीट फायटर २’ मध्ये कंपनीने या साखळीतील आघातांची मोजदाद पडद्यावर दाखविण्यास सुरुवात केली. जे चुकून राहून गेले होते, ते अवघ्या दोन वर्षांत नियमाच्या पदवीस पोहोचले. पुढील काळातील क्वचितच एखादा फायटिंग गेम कॉम्बोविना रचला गेला असेल.

डावपेचांचे व्याकरण

वरवर पाहता हा हातघाईचा खेळ वाटतो. प्रत्यक्षात त्याच्या मुळाशी लहान मुलांच्या ‘दगड-कागद-कात्री’ सारखे त्रिकूट आहे. बचाव हल्ल्याला थोपवितो, पकड बचाव मोडते आणि पकडीसाठी जवळ येणाऱ्याला हल्ला गाठतो. तथापि तिन्ही डावांचे मोल सारखे नसते. पडद्यावरील चित्र सेकंदाला साठ वेळा बदलते. या प्रत्येक चित्राला ‘फ्रेम’ म्हणतात. कोणता ठोसा किती फ्रेमांत पोहोचतो आणि चुकला तर किती फ्रेम उघडे पाडतो, यावर सारा हिशेब अवलंबून असतो. त्यात अंतराचा विचार मिसळतो. ‘र्यू’ हा योद्धा दुरून ऊर्जेचा गोळा फेकतो. तो चुकविण्यासाठी प्रतिस्पर्ध्याने उडी मारली की वर झेपावणाऱ्या ठोशाने तो तिला उत्तर देतो. म्हणून गोळा फेकण्यामागील खरा हेतू पुष्कळदा इजा करण्याचा नसून उडी मारावयास लावण्याचा असतो. हे ओळखणारा प्रतिस्पर्धी उडी न मारता इंच इंच पुढे सरकतो. मग फेकणाऱ्याला आपल्या फेकीची लय बदलावी लागते. समोरच्याच्या मनातील पुढची चाल वाचण्याच्या या कलेस जपानी भाषेतील ‘योमी’, म्हणजे वाचन, हा शब्द रूढ झाला आहे.

हे व्याकरण कोणत्याही पुस्तिकेसोबत आले नाही. ते आर्केडमध्ये, म्हणजे नाणे टाकून खेळण्याच्या यंत्रांच्या दालनांत, घडत गेले. तेथील अर्थव्यवहार मोठा शिस्तीचा होता. जिंकणारा यंत्रावर टिकून राही आणि हरणाऱ्याने पुन्हा नाणे मोजावे. प्रत्येक अज्ञानाची किंमत रोखीने द्यावी लागत असल्याने शिकण्याचा वेग विलक्षण होता. जपानमध्ये दोन यंत्रे पाठीला पाठ लावून ठेवीत. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याचे हात दिसत नसत, केवळ त्याचे निर्णय दिसत. १९९३ मध्ये आलेल्या ‘व्हर्चुआ फायटर’ या सेगा कंपनीच्या खेळातील नामवंत खेळाडू ‘शिंजुकू जॅकी’, ‘इकेबुकुरो सारा’ अशा नावांनी ओळखले जात; आधी वस्तीचे नाव, मग आवडत्या योद्ध्याचे. गावांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आपल्याकडील गायनाच्या घराण्यांची येथे आठवण व्हावी. ‘गेमेस्ट’ हे मासिक १९९९ मध्ये बंद पडेपर्यंत या मौखिक विद्येला लिखित रूप देत राहिले.

नियम बदलणारे हात

समुदायाने केवळ डाव शोधले असे नाही. त्याने नियमांनाही हात घातला. १९९२ मधील ‘चॅम्पियन एडिशन’ या आवृत्तीत बेकायदा फेरफार केलेली यंत्रे लवकरच बाजारात आली. त्यांपैकी ‘रेनबो एडिशन’ विशेष गाजली. तिच्यात योद्धे हवेतच विशेष डाव टाकीत आणि लढत चालू असताना योद्धा बदलता येई. खेळ म्हणून तो गोंधळच होता, परंतु लोकांना अधिक वेग हवा आहे हे त्यातून उघड झाले. कंपनीच्या अमेरिकी शाखेतील जेम्स गोडार्ड यांनी ही गोष्ट हेरून वेगवान अधिकृत आवृत्तीचा आग्रह धरला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ‘टर्बो : हायपर फायटिंग’ ही आवृत्ती आली. चोरीच्या मालातून मालकाने धडा घ्यावा, असे प्रसंग उद्योगांच्या इतिहासात फारसे नसावेत.

याच्या उलट, काही वेळा समुदायाने स्वतःवर बंधन घातले. १९९४ मधील ‘सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बो’ मध्ये ‘अकुमा’ नावाचा एक गुप्त योद्धा होता. तो इतका वरचढ होता की त्याच्यापुढे इतर सारे योद्धे निरर्थक ठरत. त्याला स्पर्धांबाहेर ठेवण्याचा निर्णय खेळाडूंनीच घेतला. डेव्हिड सर्लिन या खेळाडूने पुढे अशा बंदीची मीमांसा केली. त्याच्या मते डाव ‘अन्यायकारक’ वाटणे हे बंदीचे कारण होऊ शकत नाही. एका डावामुळे संपूर्ण खेळच संपुष्टात येत असेल तरच ती समर्थनीय ठरते. याच सर्लिनकडे २००८ मध्ये सदर खेळाच्या नव्या आवृत्तीचे संतुलन साधण्याचे काम सोपविण्यात आले. स्पर्धांत खेळून तयार झालेला माइक झैमाँट हाही ‘स्कलगर्ल्स’ (२०१२) या खेळाचा रचनाकार झाला आणि न संपणारी साखळी ओळखून तोडण्याची सोय त्याने खेळातच अंतर्भूत केली.

स्पर्धा, उपजीविका आणि मालकी

१९९६ मध्ये कॅलिफोर्नियातील सनीव्हेल येथील एका आर्केडमध्ये टॉम व टोनी कॅनन या बंधूंनी सहकाऱ्यांसह सुमारे चाळीस खेळाडूंची स्पर्धा भरविली. २००२ पासून ती ‘इव्हो’ या नावाने ओळखली जाते. २०२३ मध्ये ‘स्ट्रीट फायटर ६’ या एकाच खेळासाठी तेथे सात हजारांहून अधिक खेळाडूंनी नावे नोंदविली.

या स्पर्धेतील २००४ चा एक प्रसंग सर्वपरिचित आहे. ‘स्ट्रीट फायटर ३ : थर्ड स्ट्राइक’ च्या लढतीत जपानच्या दाइगो उमेहाराचा योद्धा इतका क्षीण झाला होता की अमेरिकेच्या जस्टिन वाँगचा महाडाव नुसता बचाव करून थोपविला असता तरी तो पडला असता. या खेळात ‘पॅरी’ नावाची सोय आहे. आघात पोहोचण्याच्या क्षणी दांडा प्रतिस्पर्ध्याच्या दिशेने ढकलला तर इजा होत नाही. क्षण चुकला तर मात्र आघात पुरता बसतो. उमेहाराने पंधराच्या पंधरा आघात असे झेलले आणि ती फेरी जिंकली. पहिला आघात झेलण्यासाठी महाडाव नेमका केव्हा येणार हे त्याला आधीच ताडावे लागले होते. त्या वर्षीची अंतिम लढत मात्र तो हरला, हे सहसा सांगितले जात नाही. त्यानंतर काही वर्षांतच त्याने हा खेळ सोडला आणि वृद्धांच्या शुश्रूषेचे काम पत्करले. ‘स्ट्रीट फायटर ४’ आल्यावर तो परतला आणि २००९ व २०१० मध्ये इव्होचा विजेता ठरला. जगभर वाखाणले गेलेले कौशल्य त्याच्या धारकाला पोट भरण्याची शाश्वती देत नव्हते.

मालकीचा प्रश्न २०१३ मध्ये उघडपणे पुढे आला. निंटेंडो कंपनीच्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’ (२००१) या जुन्या खेळाला त्या वर्षीच्या इव्होत स्थान मिळाले, ते स्तनांच्या कर्करोगावरील संशोधनासाठी चाहत्यांनी उभ्या केलेल्या देणग्यांच्या बळावर. स्पर्धा तोंडावर आली असता कंपनीने लढतींचे प्रक्षेपण करण्यास मनाई केली. निषेधाचा भडिमार झाल्यावर ती त्याच दिवशी मागे घ्यावी लागली. कायदा कंपनीच्या बाजूने होता. परंतु एवढ्या वर्षांनंतरही तो खेळ पाहण्याजोगा ठेवला होता तो त्याच्या खेळाडूंनी. पुढे २०२१ मध्ये इव्होच सोनी व आरटीएस या कंपन्यांनी विकत घेतले आणि २०२५ मध्ये सोनीचा हिस्सा नॉडविन गेमिंग या भारतीय कंपनीकडे आला.

आर्केड ओस पडू लागल्यावर दूरच्या खेळाडूंशी घरबसल्या झुंजण्याची निकड निर्माण झाली. तथापि संदेश पोहोचण्यातील विलंबामुळे फ्रेमांचा हिशेबच कोलमडत असे. टोनी कॅनन यांनी २००६ मध्ये ‘जीजीपीओ’ ही प्रणाली तयार केली. ती प्रतिस्पर्ध्याच्या चालीचा अंदाज बांधून खेळ पुढे नेते आणि अंदाज चुकल्यास मागे जाऊन दुरुस्ती करते. २०१९ मध्ये ती सर्वांसाठी खुली करण्यात आली. मोठ्या कंपन्यांना ही पद्धत सर्रास स्वीकारण्यास दशकाहून अधिक काळ लागला.

तरीही समोरासमोरच्या दालनांचे महत्त्व संपले नव्हते. २०१९ मध्ये लाहोरचा अर्सलान सिद्दीक ऊर्फ अर्सलान ॲश हा ‘टेकन ७’ साठी जपानमधील इव्होत उतरला, तेव्हा व्हिसा आणि प्रवासाच्या अडचणींतून तो कसाबसा तेथे पोहोचला होता. तो जिंकला. पाकिस्तानात या खेळाचे किती बलाढ्य खेळाडू आहेत याची जगाला कल्पनाच नाही, असे त्याने त्यानंतर सांगितले. त्याच वर्षी अमेरिकेतील इव्होच्या अंतिम लढतीत त्याने दक्षिण कोरियाच्या ‘नी’ या मान्यवर खेळाडूला हरविले. ‘नी’ नंतर स्वतः पाकिस्तानात जाऊन तेथील खेळाडूंशी खेळला. २०२५ मध्ये ‘टेकन ८’ ची इव्होतील अंतिम लढत झाली, तेव्हा दोन्ही बाजूंना पाकिस्तानीच खेळाडू बसले होते.