सोलापूरचा किल्ला आणि चांदबीबीचा निकाह

अहमदनगरच्या वेढ्याची गोष्ट वर्गात सांगायला घेतली की शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा कान टवकारतात. सुरुंगानं पडलेलं खिंडार, चेहऱ्यावर नकाब आणि हातात तलवार घेऊन तटावर आलेली चांदबीबी, रातोरात बांधून काढलेली भिंत. गोष्ट संपली की टाळ्या ठरलेल्या. यंदा मात्र टाळ्या थांबल्यावर एका मुलीनं विचारलं, "टीचर, तिच्या लग्नात सोलापूरचा किल्ला दिला म्हणालात. तिला कुणी विचारलं होतं का?"

मी म्हटलं, "निकाहात विचारतातच की."

ती म्हणाली, "तसं नाही. खरंच."

त्या 'खरंच'नं मला पुन्हा पुस्तकांकडे नेलं. जे हाती लागलं ते इथं मांडते.

सोयीसाठी झालेलं लग्न आणि मग हळूहळू जडलेलं प्रेम, हा ऐतिहासिक कादंबऱ्यांचा आवडता विषय. चांदबीबीवरही अशी कादंबरी आहे. सुरपूर आणि नळदुर्ग भागात कारभार पाहिलेल्या मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्यानं ती इंग्रजीत लिहिली, १८७८ साली ती छापली गेली. कादंबरीकाराला मोकळीक असते, तो दोघांच्या मनात शिरू शकतो. त्या काळचा इतिहासकार मनात शिरत नाही. तो कोणी कुणाला मुलगी दिली, कोणता किल्ला दिला आणि पुढे कुणावर चाल केली, एवढंच लिहितो. म्हणून आधी किल्ल्याचीच हकिकत सांगावी लागेल.

सोलापूरचा भुईकोट किल्ला आदिलशाही आणि निजामशाही यांच्या सीमेवर होता. त्यावर दोघांचाही दावा. हे भांडण मिटवायला १५२४ साली सोलापुरातच एक लग्न लागलं. विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण बीबी मरियम हिचा निकाह अहमदनगरच्या पहिल्या बुऱ्हाण निजामशहाशी झाला. या बोलणीत पुढे होता असदखान लारी. हा बेळगावचा सुभेदार. आम्ही आजऱ्याची माणसं कामानिमित्त बेळगावला जातो, तिथं कॅम्पात त्याचा दर्गा आहे. मरियमसोबत सोलापूरचा किल्ला देऊ, असा शब्द असदखानानं दिला होता, असं निजामशाहीचं म्हणणं. इस्माईलनं मात्र किल्ला दिला नाही. असा शब्द मी दिलाच नव्हता, म्हणाला. झालं. लग्नाच्या मांडवातून निघालेली माणसं रणांगणावर भेटली. जे लग्न भांडण मिटवण्यासाठी लावलं, तेच पुढच्या चाळीस वर्षांच्या भांडणाचं निमित्त झालं. त्यात मरियमचं काय झालं असेल, याचा विचार करून पाहा. माहेर आणि सासर एकमेकांच्या जिवावर उठलेले, आणि कारण काय, तर तिचा हुंडा.

चाळीस वर्षांनी, १५६४ साली, त्याच दोन घराण्यांनी त्याच किल्ल्यासाठी पुन्हा लग्न ठरवलं. या वेळी दिशा उलटी होती. अहमदनगरच्या हुसेन निजामशहानं आपली मुलगी चांद विजापूरच्या पहिल्या अली आदिलशहाला दिली आणि तिच्यासोबत सोलापूरचा किल्ला दिला. बदल्यात अलीची बहीण हदिया सुलतान हुसेनच्या मुलाला, मुर्तजाला दिली गेली. आपल्याकडे याला साटंलोटं म्हणतात. मेहर न ठरवता अशी मुलींची अदलाबदल करण्याला शरीयतमध्ये 'शिगार' म्हणतात आणि हदीसमध्ये त्याला मनाई आहे. शाही लग्नात मेहर असतोच, त्यामुळे हे शिगार म्हणता येणार नाही. तरी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मेहर हा मुलीचा हक्क असतो, तिच्या हातात पडायचा असतो. सोलापूर चांदच्या हातात पडलं नाही. ते अलीचं झालं.

घाई कशाची होती? विजयनगरच्या रामरायाचा जोर वाढला होता आणि त्याच्यासमोर दख्खनच्या सुलतानांना एक व्हायचं होतं. लग्नानंतर काही महिन्यांतच, २३ जानेवारी १५६५ रोजी, कृष्णाकाठी ती मोठी लढाई झाली. आपण तिला तालिकोटची लढाई म्हणतो. रामराया मारला गेला. आज काही लोक ही लढाई हिंदू विरुद्ध मुसलमान अशी सांगतात. त्यांनी थोडं मागं जाऊन पाहावं. अली तख्तावर आला १५५८ साली, आणि सुरुवातीला त्याची दोस्ती होती ती रामरायाशीच. रामरायाचा मुलगा वारला तेव्हा अली मोजके स्वार घेऊन मातमपुरशीसाठी थेट विजयनगरला गेला. रामरायाच्या राणीनं त्याला मुलगा मानलं, असं फरिश्ता लिहितो. त्याच रामरायाच्या फौजा सोबत घेऊन अलीनं अहमदनगरवर चाल केली होती, आणि हुसेनला कल्याणीचा किल्ला सोडून द्यावा लागला होता.

म्हणजे ज्याला मुलगा मानलं त्यानं मानलेल्या बापाविरुद्ध तलवार उचलली, आणि ज्यानं अहमदनगर वेढलं त्यालाच अहमदनगरची मुलगी दिली गेली. चांदचा जन्म साधारण १५५० चा मानतात. शहराला वेढा पडला तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची असेल, लग्नात चौदाच्या आसपास. माझ्या वर्गातल्या मुलींच्या वयाची. वेढा घालणारा तो माणूस आपला नवरा होणार, हे तिला कुणी आणि कोणत्या शब्दांत सांगितलं असेल?

तिला वाढवणारी आई मात्र साधी नव्हती. खुन्जा हुमायून ही हुसेनची बेगम. हुसेन १५६५ मध्येच वारला, आणि मुर्तजा लहान म्हणून काही वर्षं तिनं निजामशाहीचा कारभार पाहिला. पुढे मुलानंच तिला कैदेत टाकलं. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात 'तारीफ-ए-हुसेनशाही' नावाचं फार्सी हस्तलिखित आहे. त्यातल्या चित्रांत हुसेनजवळ त्याची बेगम बसलेली दाखवली होती. नंतर कुणीतरी त्यांतल्या बहुतेक चित्रांत तिची आकृती रंगानं झाकून टाकली. बादशहा दिसतो, शेजारी एक डाग दिसतो. बायकांचा इतिहास कसा लिहिला जातो हे समजावून सांगायला मला याहून चांगलं उदाहरण मिळालेलं नाही.

आता चांद आणि अली यांच्या संसाराकडे येऊ. अलीला किताबांचा नाद होता. त्याच्या कुतुबखान्यात वामन पंडित नावाचा ब्राह्मण विद्वान कामाला होता. 'नुजूम-उल-उलूम' हा ग्रह-तारे आणि इतर अनेक विद्यांवरचा १५७० चा सचित्र ग्रंथ त्याच्याच नावावर सांगतात. चांदबद्दल परंपरा सांगते की तिला अरबी, फार्सी, तुर्कीसोबत मराठी आणि कन्नडही येत होतं, आणि ती नवऱ्याबरोबर शिकारीला व मोहिमेवर घोड्यावरून जात असे. विजापुरात अलीनं बांधलेली मोठी विहीर चांद बावडी म्हणून ओळखली जाते, ती तिच्याच नावानं. त्यांना मूल नव्हतं. याला प्रेम म्हणायचं की नाही हे मी ठरवणार नाही. विजापूरसारख्या पाण्यासाठी तरसणाऱ्या शहरात नवऱ्यानं बायकोच्या नावानं बावडी बांधावी, एवढं मला पुरेसं वाटतं.

मात्र लग्नानं घराण्यांची दोस्ती टिकवली का? नाही. तालिकोटला पाच वर्षंही झाली नव्हती, तोवर बीड भागात धारूरच्या किल्ल्यावरून दोन्ही फौजा पुन्हा लढल्या. एका बाजूला चांदचा नवरा, दुसऱ्या बाजूला सख्खा भाऊ मुर्तजा. म्हणजे १५६४ चं लग्नही मरियमच्या लग्नासारखंच फसायला निघालं होतं. ते फसलं नाही, याचं कारण दोन्हीकडचे मर्द नव्हेत.

१५८० साली बिदरहून आणवलेल्या एका खोजा तरुणानं अलीचा खून केला. तख्तावर आला त्याचा पुतण्या इब्राहीम, वय नऊ वर्षं. चांद तिशीत बेवा झाली. माहेरी परत जाण्याचा रस्ता मोकळा होता. ती थांबली आणि दिराच्या पोराला सांभाळू लागली. कामिलखान दख्खनी माजला तेव्हा तिनं हाजी किश्वरखानाला हाताशी धरून त्याला दूर केलं. किश्वरखानही तसाच निघाला. त्यानं तिलाच साताऱ्याच्या किल्ल्यावर, म्हणजे आजच्या अजिंक्यताऱ्यावर, कैदेत ठेवलं. हबशी सरदारांनी उठाव केला तेव्हा ती सुटली. याच धामधुमीत विजापूरला वेढा पडला. घालणाऱ्यांत तिच्या माहेरची निजामशाही फौज होती. तटाच्या आत ती, मांडीवर सासरचं पोर.

हाच इब्राहीम पुढे दुसरा इब्राहीम आदिलशहा म्हणून नावाजला. दख्खनीत 'किताब-ए-नौरस' लिहिणारा, संगीताचा वेडा, ज्याला लोक जगद्गुरू म्हणत तो हाच. उर्दूच्या तासाला त्याचं नाव घेतलं जातं. त्याला वाढवणाऱ्या चुलतीचं नाव आपण त्या तासाला घेत नाही, इतिहासाच्या तासासाठी राखून ठेवतो.

इब्राहीमची बहीण खदीजा हिचं लग्न मुर्तजाच्या मुलाशी झालं, तेव्हा १५८४ च्या सुमारास चांद तिच्यासोबत अहमदनगरला आली. आणखी एक मुलगी, आणखी एक सोयीचं लग्न. पुढच्या काही वर्षांत निजामशाहीत बापानं मुलाचा, मुलानं बापाचा जीव घ्यायला कमी केलं नाही. १५९५ च्या डिसेंबरात अकबराचा मुलगा मुराद आणि खानखानान अब्दुर्रहीम अहमदनगरसमोर येऊन बसले, तेव्हा किल्ल्यात चांदबीबी होती आणि तिच्या ओट्यात पुन्हा एक लहान पोर होतं: बहादूर, तिच्या भावाचा नातू.

खिंडाराची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. दारूगोळा संपला तेव्हा तिनं तांब्याची, चांदीची, शेवटी सोन्याची नाणी तोफेत भरली, ही आख्यायिकाही घरोघर सांगतात. मी वर्गात आता यापुढची गोष्ट सांगते. मोगलांनी तह का केला? तट पडत नव्हता हे एक कारण. दुसरं असं की विजापूरहून सुहेलखानाची मोठी फौज मदतीला निघाली होती. पाठवणारा होता इब्राहीम आदिलशहा. १५९६ च्या तहात वऱ्हाड गेला, पण अहमदनगर राहिलं. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १५९७ मध्ये, गोदावरीकाठी सोनपेठजवळ विजापूर, अहमदनगर आणि गोवळकोंडा यांच्या फौजा मोगलांविरुद्ध एकत्र लढल्या. हरल्या, पण लढल्या एकत्र.

बत्तीस वर्षांपूर्वी सोलापूरचा किल्ला देऊन जे मिळवायचं होतं, ते किल्ल्यानं मिळालं नाही. ते मिळालं एका बाईनं सासरचं पोर जीव लावून वाढवलं म्हणून. किल्ला आधी दिलेला की नंतर, यावर घराणी चाळीस वर्षं भांडली. त्या पोराला मात्र आपली चुलती कुठल्या घरची, असा प्रश्न पडला नाही. तिनं बोलावलं, त्यानं फौज पाठवली.

शेवट माहीत असूनही दर वेळी जड जातो. १६०० साली शाहजादा दानियालची फौज आली. किल्ला टिकणार नाही हे ओळखून चांदबीबीनं तहाची बोलणी मनात धरली. एका खोजा सरदारानं गवगवा केला की बेगम मोगलांना मिळाली. तिच्याच लोकांनी तिला मारलं. ऑगस्टमध्ये किल्ला पडला आणि बहादूरला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैद झाली. ज्या किल्ल्यासाठी ती लढली, त्याच किल्ल्यात पुढे १९४२ नंतर मौलाना आझादांनी कैदेत 'गुबार-ए-खातिर' लिहिलं. आणि नगरजवळच्या डोंगरावरची जी इमारत लोक 'चांदबीबीचा महाल' म्हणून दाखवतात, ती सलाबतखानाची कबर आहे. ज्या लोकांनी तिला मारलं, त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी तिला दुसऱ्याची इमारत बहाल केली. एवढी आठवण तरी राहिली.

मग त्या मुलीला काय सांगितलं? सांगितलं की तुझा प्रश्न बरोबर आहे. काझीनं विचारलं असेल, तिनं होकार दिला असेल, पण नाही म्हणायची सोय असल्याशिवाय होकाराला होकार म्हणता येत नाही. चौदाव्या वर्षी चांदला ती सोय नव्हती. पुढे तिनं जे केलं ते मोठं होतं, पण तिच्या मोठेपणानं त्या दिवसाचा अन्याय पुसला जात नाही. आपल्या घरांत आजही लग्नं जमिनीसाठी, नोकरीसाठी, घराण्याच्या जुन्या दोस्तीसाठी जमतात. 'पोरगी समजूतदार आहे, निभावून नेईल' असं आपण अभिमानानं म्हणतो. चांदबीबीनंही निभावून नेलं. पण निभावून नेणारी मुलगी मिळाली म्हणून तिला न विचारण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही.

ती म्हणाली, "मग टीचर, पुढच्या वेळी गोष्ट लग्नापासून सुरू करा. वेढ्यापासून नको."

पुढच्या वर्षीपासून तसंच करणार आहे.