अजिंठ्यातील फळे आणि हारितीचे दालन

रेणापूर-लातूरकडून अजिंठ्यास जाणारे उपासक पद्मपाणीच्या चित्रापुढे बराच वेळ थांबतात. छताकडे पाहणारे थोडेच. क्रमांक १ व २ च्या विहारांची छते चौकोनांत विभागून त्यांत कमळे, आंबे आणि इतर फळे रंगविली आहेत. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांकडून या चित्रांच्या प्रतिकृती करविल्या. पुढे छतावरील एका फळास सीताफळ म्हटले गेले. बालाघाटच्या माणसाला ही ओळख सुखावणारी खरी. पण सीताफळ मूळचे अमेरिकेतील, पोर्तुगीजांच्या काळात इकडे आले, असे बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. तेव्हा आपण तो आग्रह धरू नये.

अधिक महत्त्वाचा प्रश्न फळाच्या अर्थाचा आहे. चीन व कोरियाच्या चित्रपरंपरेत दाण्यांनी भरलेले डाळिंब म्हणजे पुष्कळ संतती, विशेषतः मुलगे. जपानमध्ये तेच डाळिंब हारितीच्या हाती दिसते. ही हारिती मूळची आपल्याकडची. अजिंठ्याच्या क्रमांक २ च्या विहारात, गाभाऱ्याशेजारच्या दालनात, ती पांचिकासह बसली आहे आणि भिंतींवर पूजासामग्री घेऊन येणाऱ्या स्त्रिया रंगविल्या आहेत.

१९५६ साली नागपूरला बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाने येथे विचारलेच पाहिजे, की भिक्खूंच्या निवासात ही यक्षिणी कशासाठी? कथा अशी, की ती राजगृहातील मुले पळवून खात असे. तथागतांनी तिचे धाकटे मूल लपविले. पाचशे मुलांपैकी एक दिसेना तेव्हा ती आक्रोश करू लागली; मग ज्यांचे एकुलते एक मूल गेले त्यांचे दुःख केवढे, हे तथागतांनी तिला दाखवून दिले. तिने हिंसा सोडली आणि तिला व तिच्या मुलांना अन्न देण्याचे संघाने पत्करले. सातव्या शतकात भारतात आलेला इत्सिंग लिहितो, की विहारांच्या भोजनगृहाच्या कोपऱ्यात तिची प्रतिमा असे व तिच्यापुढे रोज अन्न ठेवीत. अपत्यासाठी लोक तिला साकडे घालीत, हेही तो सांगतो. ते झाकण्याचे कारण नाही. परंतु नवस हा लोकांनी जोडलेला भाग आहे, कथेचा रोख परक्याच्या मुलाविषयीच्या करुणेकडे आहे. माझ्या मते छतावरील फळेही याच अंगाने, संघाला मिळालेल्या आणि संघाने वाटलेल्या दानाची खूण म्हणून वाचावीत. संततीच्या शकुनाशी त्यांचा संबंध लावण्यास त्या चित्रांत आधार नाही.

हारितीच्या आसनाखालच्या पट्टीत शिल्पकाराने मुले कोरली आहेत. एका टोकाला छडी घेतलेला गुरू आहे. त्याच्या जवळची मुले अभ्यासात आहेत, मागची खेळात रमली आहेत.