शून्यता व अनंतता

आधुनिक पाश्चात्त्य सत्तामीमांसेतील दोन परस्परसंबद्ध संकल्पना. काहीच नसण्याऐवजी काही आहे याचे कारण कोणते, हा प्रश्न लायप्निट्सने १७१४ मध्ये मांडला आणि त्याचा खुलासा आवश्यक अस्तित्व असलेल्या ईश्वरात शोधला. विश्व दिक्कालात सान्त की अनंत, या वादातील दोन्ही पक्ष सारख्याच जोमाने सिद्ध करता येतात, असे दाखवून कांटने (१७८१) अनुभवाची सीमा ओलांडणारी बुद्धी स्वतःशीच विसंगत होते, असा निष्कर्ष काढला. हेगेलच्या मते, सर्वथा निर्विशेष असे शुद्ध सत् असत्‌हून वेगळे ओळखता येत नसल्याने त्यांच्या परस्परसंक्रमणातून ‘भवन’ निष्पन्न होते; तसेच, केवळ पुढे वाढत जाणारी मालिका हे खोटे अनंत असून, सान्ताला आपल्यात सामावून घेणारे तेच खरे अनंत होय.

वास्तव संख्या नैसर्गिक संख्यांशी एकास एक जुळवता येत नाहीत, हे गेओर्ग कँटरने १८७४ मध्ये सिद्ध केल्यावर अनंतांतही लहानमोठेपणा असतो, ही बाब गणितात प्रस्थापित झाली. शून्यतेविषयी मात्र मतैक्य झाले नाही : बेर्गसाँने (१९०७) ती आभासी कल्पना ठरविली, हायडेगरने (१९२९) तिचा प्रत्यय चिंताकुलतेत येतो, असे प्रतिपादिले, कार्नापने (१९३२) ते प्रतिपादन तर्कदृष्ट्या निरर्थक म्हणून फेटाळले, तर सार्त्रने (१९४३) तिचा उगम मानवी जाणिवेत मानला. मूर्त वस्तूंनी सर्वथा रहित जग संभवनीय आहे काय, हा विश्लेषणवादी तत्त्वज्ञानातील वाद अद्याप अनिर्णित आहे.