पटकी आणि एक लिटर पाणी

माझी आजी फारच चिडली की म्हणायची, "मेल्या, पटकी येवो तुला!" पटकी म्हणजे कॉलरा हे मला बरंच उशिरा कळलं. आणि तो शाप किती भयंकर आहे हे तर परवा त्याबद्दल वाचताना.

कॉलऱ्याचे जंतू दूषित पाण्यातून, अन्नातून पोटात जातात. मग भाताच्या पेजेसारखे जुलाब, उलट्या, पायांत गोळे, खोल गेलेले डोळे.. उपचार नाही मिळाले तर धडधाकट माणूस काही तासांत संपतो. पण जंतू आतडं कुरतडत वगैरे नाही. तो एक विष सोडतो, हे 1959 मध्ये कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी दाखवलं. त्या विषाने आतड्याचा नळ जणू उघडाच राहतो. माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि मीठ वाहून गेल्यामुळे.

आमच्या भाषेत सांगायचं तर एक मॉड्यूल बिघडलं, पण दुसरं चालू आहे! साखर आणि मीठ जोडीने आत ओढणारी यंत्रणा कॉलऱ्यातही शाबूत असते, आणि त्यांच्यामागून पाणीही आत येतं. 1968 मध्ये ढाक्यात रुग्णांवर हे सिद्धही झालं होतं. तरी बऱ्याच डॉक्टरांचा भरवसा शिरेतून देण्याच्या सलाईनवरच.

मग आलं 1971. पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित भारतात आले. सीमेजवळच्या बनगावच्या हॉस्पिटलात कॉलऱ्याचे रुग्ण जमिनीवर पडलेले, आणि सलाईन संपत आलेलं. तिथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी ठरवलं, तोंडानेच द्यायचं. लिटरभर पाण्यात 22 ग्रॅम ग्लुकोज, 3.5 ग्रॅम मीठ, 2.5 ग्रॅम खायचा सोडा. ड्रममध्ये कालवायचं आणि पाजायला रुग्णाचेच नातेवाईक! छावणीतलं मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 3.6 टक्क्यांवर आलं.

मला राहून राहून त्या नातेवाइकांचं वाटतं. घरदार सुटलेलं, समोर पोर निपचित पडलेलं.. आणि कुणीतरी हातात पेला देऊन सांगतं, पाजत राहा. तोवर नुसतं बघत बसण्याखेरीज त्यांच्या हातात काहीच नव्हतं.

महालनबीस 2022 मध्ये गेले. पद्मविभूषण 2023 मध्ये, मरणोत्तर. असो. ट्रेकच्या सॅकमध्ये तळाशी ओआरएसचं एक चुरगळलेलं पाकीट कायम असतं माझ्या. आता ते जरा नीट ठेवीन म्हणतो.