कोरडवाहू मृदा आरोग्य प्रशिक्षण (जुन्नर तालुका)

कोरडवाहू मृदा आरोग्य प्रशिक्षण म्हणजे पावसावर अवलंबून असलेल्या जमिनीची धूप रोखणे, तिच्यातील सेंद्रिय कर्ब वाढवणे व ओल टिकवणे यांविषयी शेतकऱ्यांना दिले जाणारे शिक्षण होय. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात या शिक्षणाचा आशय गावागणिक बदलतो. पश्चिमेस सह्याद्रीलगत भातखाचरे आहेत. लेण्याद्रीच्या पायथ्याचे कुकडी खोरे व नारायणगावचा परिसर बागायती आहे. पूर्वेकडील आणे पठार मात्र पर्जन्यछायेत येते. खोऱ्यातील काळ्या जमिनीसाठी दिलेला सल्ला पठारावरील उथळ, मुरमाड जमिनीस जसाच्या तसा लागू पडत नाही. नारायणगाव येथे ग्रामोन्नती मंडळ संचालित कृषी विज्ञान केंद्र आहे.

पार्श्वभूमी

मुंबई प्रांतात कोरडवाहू शेतीचे पद्धतशीर संशोधन १९२३ मध्ये पुण्याजवळील मांजरी येथे सुरू झाले. १९३३ मध्ये सोलापूर व विजापूर येथे केंद्रे स्थापन झाली. बांधबंदिस्ती, काही वर्षांच्या अंतराने खोल नांगरट, शेणखत, विरळ पेरणी आणि वारंवार कोळपणी अशी ‘मुंबई कोरडवाहू शेती पद्धत’ त्यातून पुढे आली. शिफारशी योग्य असूनही तिचा प्रसार मर्यादित राहिला. कारण वाढीव उत्पन्न थोडे आणि त्यासाठी लागणारे श्रम व बैलबळ अधिक होते.

हा अडसर आजही कायम आहे. पिकांचे अवशेष आच्छादन म्हणून शेतात ठेवावेत, असे सांगितले जाते; पण बाजरीचे सरमाड व ज्वारीचा कडबा हीच उन्हाळ्यातील वैरण असते. तागाचे हिरवळीचे खत जमिनीतील ओल वापरते, त्यामुळे अपुऱ्या पावसात ते मुख्य पिकाशी स्पर्धा करते. त्यापेक्षा बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला शेतात टाकणे परवडते.

माती परीक्षण

१९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब व अन्नद्रव्ये अशा १२ घटकांची नोंद होते. नमुना चुकीचा घेतल्यास पत्रिका निरुपयोगी ठरते. बांधालगतची, झाडाखालची व शेणखताच्या ढिगाची जागा टाळून, शेतात नागमोडी चालत साधारण २० सेंमी खोलीपर्यंतची माती अनेक ठिकाणांहून घेतात. ती एकत्र मिसळून तिचे चार भाग करतात व समोरासमोरचे दोन भाग काढून टाकतात. अर्धा किलो माती उरेपर्यंत हे पुन्हा पुन्हा केले जाते.

१९८९ मध्ये इंडोनेशियात भातपिकासाठी सुरू झालेली शेतीशाळेची पद्धत महाराष्ट्रातही वापरली जाते. तीत व्याख्यानाऐवजी एकाच शेताचे दोन भाग करून, एकात रूढ व दुसऱ्यात सुधारित मशागत करतात. शेतकरी हंगामभर ओल, मुळांची वाढ व खर्च यांची तुलना स्वतः करतात.