इमारतीचा नकाशा कागदावरून संगणकावर कसा गेला?

एकेकाळी आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग बोर्डांच्या रांगा असत. टी-स्क्वेअर आणि सेटस्क्वेअर लावून ड्राफ्ट्समन ट्रेसिंग पेपरवर शाईने रेघा ओढत. रेघ चुकली तर वाळलेली शाई ब्लेडने हलकेच खरवडावी लागे. मग त्या ट्रेसिंगच्या अमोनिया प्रिंट काढून साइटवर पाठवल्या जात.

अडचण काय होती?

एकाच इमारतीचे प्लॅन, सेक्शन आणि एलिव्हेशन वेगवेगळ्या कागदांवर असते. प्लॅनमध्ये खिडकी एक फूट सरकली, की बाकीच्या कागदांवरही ती सरकवावी लागे. एखादा कागद राहून गेला, तर चूक कधीकधी भिंत उभी राहतानाच कळे.

संगणक कधी आला?

१९६३ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ हा प्रोग्राम तयार केला. त्यात लाइट पेनने थेट पडद्यावर रेघा काढता येत. पण तेव्हाचे संगणक अवाढव्य आणि महागडे होते. १९८२ मध्ये पर्सनल कॉम्प्युटरवर चालणारे ‘ऑटोकॅड’ आले आणि हळूहळू लहान ऑफिसांतही पोहोचले.

नेमके काय बदलले?

सुरुवातीला फक्त कागदाची जागा पडद्याने घेतली; रेघ ही रेघच राहिली. मोठा बदल घडवला तो ‘बिम’ने, म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंगने. यात संगणकाला भिंत ‘भिंत’ म्हणूनच कळते. तिची जाडी, उंची, साहित्य अशी माहिती एकाच त्रिमितीय मॉडेलमध्ये साठवता येते आणि प्लॅन, सेक्शन त्यातूनच निघतात. खिडकी एकदा सरकवली, की सगळ्या ड्रॉइंगमध्ये सरकते.

वळणदार आकारही बांधणे शक्य झाले. स्पेनमधील बिल्बाओचे गुगेनहाइम संग्रहालय (१९९७) उभारताना मुळात विमानांच्या डिझाइनसाठी बनलेले ‘कटिया’ सॉफ्टवेअर वापरले गेले. पण त्याचे आर्किटेक्ट फ्रँक गेरी सुरुवात करत ती हाताने काढलेल्या स्केचने आणि छोट्या मॉडेल्सने. त्यांची मापे नंतर संगणकात जात.

मग हाताचे काम संपले का?

ट्रेसिंगचे काम जवळपास संपले आणि त्यावर पोट असलेल्यांना माउस हाती घ्यावा लागला. विचार करायला मात्र अनेक आर्किटेक्ट आजही आधी पेन्सिलच उचलतात. खिडकी सरकवणे आता सोपे आहे. ती कुठे हवी, हे माणसालाच ठरवावे लागते. तिथे चूक झाली, तर तीही एका क्लिकवर सगळ्या ड्रॉइंगमध्ये पोहोचते.